रॅम वाढवायची की वेगवान घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पितृपक्षात कोणी खरेदी करत नाही, चौकशी मात्र जोरात असते. दसऱ्याच्या आधीच्या त्या पंधरा दिवसांत ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या छोट्याशा दुकानात रोज कोणीतरी येऊन विचारतं, "ताई, सोळाची टाकू की बत्तीसशेची?" रॅम म्हणजे पीसीची तात्पुरती मेमरी, चालू कामं तिच्यात ठेवलेली असतात. सोळा म्हणजे जीबी, तिच्यात किती मावतं ते, आणि बत्तीसशे म्हणजे तिचा वेग. घोडबंदरला मोठा फ्लॅट घेऊ की स्टेशनजवळ छोटा घेऊ, असंच हे विचारणं आहे. दोन्हींत तथ्य असतं, पण घरात माणसंच मावत नसतील तर स्टेशन कितीही जवळ असून काय उपयोग? तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. सगळं डेस्कटॉपबद्दल आहे. लॅपटॉपचं गणित वेगळं.

एका वाक्यात सांगा ना, जीबी वाढवू की वेग?

जीबी कमी पडत असतील तर जीबी. पडत नसतील तर बहुतेक वेळा दोन्ही नको.

कमी पडतात की नाही, हे मला कसं कळणार?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. पण हे सकाळी पीसी चालू केल्या केल्या बघायचं नाही. तेव्हा सगळ्यांचीच मेमरी रिकामी असते. तुमचं काम ऐन भरात असताना बघा. कर सल्लागार असाल तर महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीचं रिटर्न भरताना, टॅली उघडी, एक्सेलच्या चार फायली उघड्या, क्रोममध्ये पोर्टलच्या टॅबांची रांग आणि व्हॉट्सअॅप वेबवर क्लायंट ओरडतोय, अशा वेळी.

तिथे 'इन यूज' हा आकडा एकूण मेमरीच्या ८० टक्क्यांच्या आत राहत असेल तर तुम्हाला जीबी कमी पडत नाहीत. ९०च्या वर चिकटून बसला असेल तर पडतात. त्याच्या खाली 'कमिटेड' म्हणून दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ. त्यातला पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली मेमरी. पीसीत ८ जीबी आहे आणि तिथे १३ दिसतंय, तर वरच्या पाचांची सोय विंडोजने कुठे केली असेल? डिस्कवर. मागितलेलं सगळंच वापरात असतं असं नाही, पण त्याच वेळी डिस्कही १०० टक्क्यांवर धावत असेल तर शंकेला जागा उरत नाही.

'कॅश्ड'चा मोठा आकडा बघून घाबरू नका. रिकामी मेमरी पडून ठेवण्यापेक्षा विंडोज तिच्यात मघाच्या फायली धरून ठेवतं, आणि कोणी मागितली की सोडून देतं. एका काकांनी 'मेमरी क्लीनर' नावाचं काहीतरी टाकून हे कॅश दर पाच मिनिटांनी पुसायची व्यवस्था केली होती. पीसी आणखीच मंदावला आणि दोष रॅमवर आला.

आणखी एक. ८ जीबी टाकली आहे पण वापरायला ५.९च दिसते, अशी तक्रार असते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत, विशेषतः एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या 'जी' मालिकेत, पडद्यावरचं चित्र काढायला रॅममधलाच एक हिस्सा बाजूला काढलेला असतो. दोन जीबी तिकडे गेले. चोरी झालेली नाही.

मेमरी कमी पडली तर इतकं काय बिघडतं? थोडं हळू चालेल ना?

थोडं नाही. इथेच सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रोसेसरला रॅममधून एखादी गोष्ट आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. तीच गोष्ट एसएसडीवर, म्हणजे चिपच्या डिस्कवर, ठेवलेली असेल तर सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर १० मिलिसेकंदांच्या घरात, म्हणजे लाखपट. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून मी ताणून सांगते: रॅमची फेरी एका सेकंदाची धरली तर एसएसडीची फेरी सोळा-सतरा मिनिटांची होते, आणि हार्डडिस्कची सत्तावीस तासांहून जास्त.

आता वेगवान रॅमने काय वाचतं ते बघा. साध्या आणि चांगल्या डीडीआर४ रॅममधला (डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या) फरक असतो चार नॅनोसेकंदांचा. आपल्या ताणलेल्या हिशेबात तो सेकंदाचे चार शतांश. एकीकडे सेकंदाचे चार शतांश वाचवायचे आणि दुसरीकडे, मेमरी भरली म्हणून, अधूनमधून सतरा मिनिटांची नाहीतर सत्तावीस तासांची खेप मारायची, असा तो व्यवहार आहे. पीसी 'हँग' होतो म्हणतात तो बहुतेक वेळा हँग नसतोच. त्या खेपा चाललेल्या असतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. मेमरी भरतच नसेल तर खेपाही होत नाहीत, आणि १६ची ३२ करून काडीचा फरक पडत नाही. रिकाम्या खोल्या वाढल्याने घरातली माणसं लवकर चालायला लागत नाहीत.

अजून हार्डडिस्कच आहे. आधी रॅम की आधी एसएसडी?

एसएसडी. रॅम ४ जीबीच असेल तर दोन्ही. हार्डडिस्कवर विंडोज चालवत असाल तर हे पान इथेच बंद करा, एसएसडी टाका, आठवडाभर वापरा आणि मग परत या.

३२०० म्हणजे मेगाहर्ट्झ ना? मग सॉफ्टवेअरमध्ये १६०० का दिसतं? मला फसवलं का?

नाही फसवलं. डीडीआरमधल्या पहिल्या 'डी'चा अर्थच दुप्पट. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, ठोका वर चढताना एकदा आणि उतरताना एकदा. ठोके १६०० मेगाहर्ट्झचे, खेपा सेकंदाला ३२०० दशलक्ष. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर ठोके दाखवतं, टास्क मॅनेजर खेपा दाखवतो, आणि खोक्यावर छापणारे अर्थातच मोठा आकडा छापतात. बरोबर शब्द 'मेगाट्रान्सफर' आहे, पण काउंटरवर तो शब्द काढला तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील.

सीएल१६, सीएल१८, सीएल२२... हे काय असतं?

मागणी केल्यापासून पहिला दाणा हातात पडेपर्यंत किती ठोके थांबायचं, तो आकडा. पण ठोका किती लांब आहे हे वेगावर ठरतं, म्हणून नुसत्या सीएलची तुलना करू नका. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदात येतं.

३२०० सीएल१६: १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८: तेही १०. ३२०० सीएल२२, म्हणजे हिरव्या पाटीची साधी रॅम: १३.७५. २६६६ सीएल१९: १४.२५. म्हणजे हिरव्या पाटीची ३२०० घेणाऱ्याला थांबण्याच्या बाबतीत २६६६ वाल्यापेक्षा अर्धा नॅनोसेकंद मिळाला. डीडीआर५मध्ये ४८०० सीएल४० आकड्याला भारदस्त वाटते, पण तिचा हिशेब १६.६७ येतो, जुन्या डीडीआर४पेक्षाही जास्त. ६००० सीएल३० घेतली की पुन्हा १०. नवी पिढी एका वेळी जास्त माल आणते, पहिला दाणा मात्र लवकर आणतेच असं नाही.

मी खास ३२०० ची घेतली, पण टास्क मॅनेजर २६६६ दाखवतो. बदलून मिळेल का?

बदलून काही होणार नाही, कारण रॅममध्ये दोष नाही. वेगावर वाया जाणारे सगळ्यात जास्त पैसे मी इथेच बघते.

रॅम किती वेगाने चालणार हे तीन जण मिळून ठरवतात: रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड. तिघांत जो सगळ्यात हळू, त्याचं चालतं. इंटेलचा कोअर आय३ ८१०० अधिकृतपणे २४००पर्यंत जातो. आय५ ८४००, आय५ ९४००, आय३ १०१००, आय५ १०४०० हे सगळे २६६६पर्यंत. त्यांच्याबरोबर ऑफिसच्या पीसीत हमखास सापडणारे एच३१०, एच४१०, बी४६० हे बोर्ड प्रोसेसरची ही मर्यादा ओलांडू देत नाहीत. त्यात तुम्ही ३६०० ची, वर रंगीत दिवे असलेली रॅम खोचली तरी ती २६६६नेच चालणार. दिवे मात्र पूर्ण वेगाने लागतील.

अकराव्या पिढीच्या आय५ ११४००पासून ३२०० अधिकृत झालं, आणि बी५६० बोर्डापासून इंटेलने मधल्या वर्गातही रॅमचा वेग वाढवायची मुभा दिली. एच५१० आणि एच६१० मात्र अजून कडकच. एच६१० बोर्ड आणि आय५ १२४०० असेल तर डीडीआर५ची ५६०० वाली स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, ४८००नेच चालते.

एएमडीकडे इतकं बंधन नाही. बी४५०, बी५५०वर बहुतेक चालतं. पण तिथे वेगळीच गंमत. घरी येऊन बसवलेली ३२०० सीएल१६ ची रॅम बहुतेकदा आपोआप ३२००ने चालत नाही. ती आधी २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सावध वेगाने उठते, आणि पुढचा वेग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन एक्सएमपी, म्हणजे खोक्यावरच्या वेगाची तयार सेटिंग, चालू केल्यावर मिळतो. डीडीआर५मध्ये एएमडीच्या रॅमवर त्याला एक्सपो म्हणतात. असेंबल करून देणारा हे करायला विसरला तर ग्राहक पूर्ण वेगाचे पैसे भरून चार-चार वर्षं कमी वेगावर बसलेला असतो. म्हणून नवी रॅम घ्यायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये आहे त्या रॅमचा वेग बघा आणि तिच्यावरच्या स्टिकरशी ताडून बघा. कधीकधी अपग्रेड फुकटात होऊन जातं.

१६ ची एकच स्टिक घेऊ की ८-८ च्या दोन?

दोन. साध्या डेस्कटॉपला मेमरीचे दोन रस्ते असतात, आणि एकच स्टिक टाकली की त्यातला एक रस्ता ओसाड पडतो. एका ३२०० च्या स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल जातो. २६६६ च्या दोन स्टिकमधून ४२.७ जीबी. म्हणजे सामान्य वेगाच्या दोन स्टिक वेगवान एकटीला मागे टाकतात. वेग हवाच असेल तर तो असा घ्या, हा स्वस्तात पडतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे आणखी महत्त्वाचं. रायझन ५ ३४००जी किंवा ५६००जी वर खेळणाऱ्या मुलांच्या पीसीत दुसरी स्टिक टाकली की काही खेळांत सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम दीडपटीपर्यंत जातात, कारण चित्र काढणारा भाग याच रॅमवर जगत असतो. वर्तकनगरच्या एका मुलाने आईबाबांकडे ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला होता. त्याला मी आधी ८ जीबीची दुसरी स्टिक टाकून दिली. कार्डाचा विषय दहावीनंतरवर गेला. आई अजून आठवण काढते, मुलगा बहुधा वेगळ्या शब्दांत काढत असेल.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन स्टिक शेजारी-शेजारी खोचू नका. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघा.

डीडीआर५ची एक फसगत: तिच्या एकाच स्टिकमध्ये ३२ बिटांच्या दोन वाटा असतात, त्यामुळे काही सॉफ्टवेअर एकट्या स्टिकलाही ड्युअल (दोन्ही रस्ते चालू) म्हणून दाखवतं. तो खरा ड्युअल नाही. दोन स्टिक त्या दोनच.

एक अपवाद मी मान्य करते. बोर्डाला दोनच स्लॉट आहेत, आज १६ पुरतात पण वर्षभरात ३२ लागणारच आहेत हे पक्कं ठाऊक आहे, तर आज १६ची एक घेऊन उद्या जोडीची घेणं चुकीचं नाही. पण 'लागतील कदाचित' म्हणणाऱ्यांपैकी परत आलेले मी फार थोडे पाहिलेत.

आत ८ ची एक आहे. तिच्या जोडीला कुठलीही ८ ची चालेल का?

पिढी एक असेल तर बहुतेक चालेल. कंपनी वेगळी, वेग वेगळा, तरीही दोघी मिळून हळू असणारीच्या चालीने चालतात. २४०० च्या शेजारी ३२०० बसवली तर दोन्ही २४००. म्हणून जुनी रॅम असेल तेव्हा नवीच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. जुनीच्या बरोबरीची घ्या.

८ आणि १६ अशी विजोड जोडीही चालते. इंटेलमध्ये दोन्हींचे आठ-आठ मिळून ड्युअल चालतात, उरलेले आठ एकेरी. अगदी वाईट नाही. २४ जीबी झाली, पैसे वाचले.

अडचण येते ती एक्सएमपी चालू करून दोन वेगळ्या स्टिक ताणायला गेलात की. पीसी चालू होतो, दोन दिवस बरा चालतो, आणि मग ऐन कामात निळा पडदा. अशा वेळी एक्सएमपी बंद करा, मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती जोडी मोडा. 'एखादीच चूक आहे' असं काही नसतं. तीच एक चूक तुमच्या फायलीत जाऊन बसते.

माझी डीडीआर३ आहे की ४ हे कसं ओळखू? आणि ४ काढून ५ टाकता येईल का?

टाकता येत नाही. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, पण खालची खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी. मुद्दामच तसं केलेलं आहे, कारण विजेचा दाबही वेगळा: डीडीआर३ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. बसत नसेल तर जोर लावू नका. जोर लावून बसवलेली मी पाहिली आहे. बोर्ड गेला.

ओळखायला स्टिकरवर पीसी३, पीसी४ किंवा पीसी५ लिहिलेलं असतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटला फक्त डीडीआर४. २०२२मध्ये आलेल्या एएम५ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र एकच प्रोसेसर दोन्हींवर चालतो, तिथे बोर्ड कुठला घेतला त्यावर ठरतं. म्हणजे डीडीआर५ हवी तर बोर्ड बदला, कित्येकदा प्रोसेसरही. त्याला अपग्रेड म्हणत नाहीत, नवा पीसी म्हणतात.

डीडीआर३च्या पीसीवर फार खर्च करू नका. एच६१, एच८१ बोर्डांची मर्यादा १६ जीबी. त्यातले प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्स टाकून वापरणार असाल तर सेकंडहँड ४-४ घेऊन ८ करा, मुलांच्या अभ्यासाला मजेत चालेल.

माझ्या कामाला किती पुरेल?

घरचा वापर, बँकेची कामं, यूट्यूब, मराठी टायपिंग: ८ जीबी चालते, पण आता काठावर. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ला किमान ४ जीबी सांगतं. ४ जीबीत विंडोज चालतं, तुमचं काम चालत नाही. नवीन घेणाऱ्याला मी १६च सांगते. ऑफिस, टॅली, भरपूर टॅब, दिवसभर मीटिंग: १६, आणि इथे वेगाचा विचारही करू नका. टॅलीला २६६६ आणि ३६०० मधला फरक कळत नाही.

डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण ठाण्यात दहीहंडीपासून नवरात्रापर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. १० बाय २० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयवर धरला तर ८६४० बाय १७२८० पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास पंधरा कोटी. सीएमवायकेत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एक पूर्ण लेयर सुमारे ६०० एमबी. त्यावर साहेबांचा फोटो, त्यांच्या साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यामागे तेज. पाच-सहा मोठे लेयर झाले की तीन-साडेतीन जीबी नुसत्या चित्राला, शिवाय फोटोशॉपची अन्डूची साठवण वेगळी, कोरलड्रॉ शेजारी उघडं. १६ जीबी अशा दिवशी पुरत नाही. ३२ घ्या. आणि शुभेच्छुक वाढणारच आहेत, हे धरून घ्या.

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपची साधी ऑटोकॅड ड्रॉइंग १६मध्ये निघतात; स्केचअप आणि रेंडर करणाऱ्या इंटिरियरवाल्यांना ३२. लग्नाचे फोर-के व्हिडिओ कापणाऱ्यांना ३२पासून पुढे. ६४ मी आजवर मोजक्याच लोकांना सांगितली आहे, आणि त्यांनी मला टास्क मॅनेजरचा फोटो आधी दाखवला होता.

मग वेगाला पैसे द्यावेत असं कोणी आहेच की नाही?

आहे. ज्यांच्याकडे जीबी पुरेसे आहेत, स्टिक दोन आहेत, बोर्ड वेग वाढवू देतो, आणि काम मेमरीला सतत ओरबाडणारं आहे, त्यांनी जरूर द्यावेत.

पहिले म्हणजे ग्राफिक्स कार्डाशिवाय खेळणारे. ते वर आलंच. दुसरे, चांगलं कार्ड असून कमी रिझोल्यूशनवर जास्त फ्रेम मागणारे, म्हणजे व्हॅलोरंट, सीएस२ असे खेळ खेळणारे. तिथे प्रोसेसर धापा टाकत असतो आणि रॅमचा वेग कामी येतो. फोर-केवर कार्डच दमतं, तिथे रॅमचा फरक जवळजवळ दिसत नाही. तिसरे, रायझन ३००० आणि ५००० वाले. या प्रोसेसरच्या आतला दुवा रॅमच्या ठोक्याला बांधलेला असतो, म्हणून ३६००पर्यंत फायदा मिळतो. त्याच्या पुढे गेलात तर तो दुवा बहुतेकदा सोबत येत नाही आणि वेग वाढवून उलटं नुकसान होतं. एएम५वर तसाच सोयीचा आकडा ६०००, सीएल३० मिळाली तर उत्तम. नावात 'एक्स३डी' असलेले प्रोसेसर घेतले असतील तर त्यांच्या पोटातच मोठी कॅश (प्रोसेसरची स्वतःची वेगवान मेमरी) असते, त्यांना रॅमचा वेग त्या मानाने कमी लागतो. फाइल झिप करणं, मोठी गणितं चालवणं यातही वेग जाणवतो. वर्ड उघडण्यात नाही.

डीडीआर५च्या चार स्टिक टाकून ६४ करू का?

नको. चार स्टिक झाल्या की मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर, ताण येतो. रायझन ७०००साठी एएमडीचाच अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२००, आणि चारला ३६००. ६४ हवी तर ३२-३२ च्या दोन. अधलं-मधलं हवं तर २४-२४ मिळते, फक्त जुन्या बोर्डाचा बायोस आधी अपडेट करा.

ऑनलाइन घेऊ की लॅमिंग्टन रोडला जाऊ?

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. दोन स्टिकसाठी जायचं असेल तर दोन तासांचा प्रवास आणि गर्दी हिशेबात धरा. जाण्यात मजा आहे, हे मात्र नाकारत नाही.

कुठूनही घ्या, दोन गोष्टींपासून सांभाळा. एक, सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' रॅम. जीबी भरपूर, भाव पाण्यासारखा, आणि साध्या बोर्डावर चालतच नाही. दुसरी, डीडीआर३मधली 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी स्वस्त रॅम. इंटेलच्या बोर्डात ती खोचली की पडदा काळाच राहतो.

बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटीसकट. धंद्यासाठी घेत असाल तर त्याची वजावट मिळते, आणि रॅमची वॉरंटी बऱ्याच वर्षांची असते, तेव्हा तो कागद तुमच्या पीसीपेक्षा जास्त जगायला हवा. स्टिकवरचं स्टिकर काढू नका.

भाव मी इथे लिहीत नाही. २०२५च्या शेवटापासून ते असे भडकले की सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी पाळायची पंचाईत. जगातल्या बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात, आणि एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी बनवण्याकडे त्यांचा ओढा वाढला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात एक्सएमपी चालू करून बघणं, दुसऱ्या स्लॉटला तेवढ्याच मापाची जुनी स्टिक शोधणं, हे आधी करा.

पावसाळ्यातच रॅम का जाते?

जात नाही, रुसते. ठाण्याच्या जुलैत भिंतींना ओल येते, तिथे रॅमच्या पिनांना का सोडेल? दमट हवा आणि धूळ मिळून स्लॉटमध्ये थर बसतो, पीसी चालू केला की लांब लांब बीप येतात, पडदा काळा. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, स्टिक काढा, सोनेरी पट्टीवर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कोरड्या कापडाने भुगा पुसा, परत बसवा. शाईचं खरखरीत खोडरबर नको, सोनं निघून येतं. जुलै-ऑगस्टमध्ये 'नवी रॅम द्या' म्हणत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण खोडरबरावर परत जातात.

नवी रॅम टाकली आणि पडदाच येत नाही!

डीडीआर५ असेल तर आधी चहा करा. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड नव्या रॅमची चाचपणी करतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि तोवर पडदा काळा असतो. मधेच बटण दाबून बंद करू नका.

डीडीआर४ असेल तर दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबली होती का ते बघा. मग एकच स्टिक ठेवून, मग दुसरी एकटी ठेवून, असं करत जा. तरी नाही तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

दुकानात येताना काय आणू?

अख्खा पीसी उचलून आणू नका. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानाचा फोटो, ऐन कामाच्या वेळी काढलेला. त्याच पानावर उजवीकडे वेग आणि 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, तेही फोटोत येऊ द्या. सीपीयू-झेडमधलं मदरबोर्डाचं नाव. जमलं तर कॅबिनेटचं झाकण काढून आतला एक फोटो. एवढ्यावर मी सांगू शकते की टाकायची का आणि कुठली. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, आणि नाही, त्या वेळात फोनही घेत नाही.